आवळखेड्याचा मुऱ्हाळी

सह्याद्रीच्या कुशीत मोरतळे नावाचे एक लहानसे गाव होते. तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की बाहेरचे माणूस गावात येत नसे आणि गावातले बाहेर जात नसे. एका आषाढात ओढा भरण्याच्या जरा आधी महाराज मोरतळ्याला आले आणि चातुर्मास तिथेच राहिले. त्यांचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते. ते मठ बांधू देत नसत, गाभाऱ्याजवळची जागाही घेत नसत. आज या घराच्या ओट्यावर, उद्या त्या घराच्या, असा त्यांचा मुक्काम, म्हणून लोक त्यांना ओटेमहाराज म्हणत. "ओट्यावर बसलं की घरातलंही दिसतं आणि वाटेवरचंही," असे महाराज हसून म्हणत.

महाराजांचा भिक्षेचा एक नियम मोठा विलक्षण होता. घरात जे सर्वांत म्हातारे माणूस असेल, त्याच्याच हातून ते भिक्षा घेत. सून लगबगीने भाकरी घेऊन आली की महाराज विचारत, "बाळ, तुझ्याहून थोरलं कुणी नाही का घरात?" मग मागच्या खोलीत पडलेल्या आजोबांना हाताला धरून बाहेर आणावे लागे. त्यांचे हात थरथरत, मूठभर दाणे ओट्यावर सांडत. महाराज एकेक दाणा वेचून झोळीत घालत आणि म्हणत, "बसा आजोबा. हा ओढा पूर्वी कुठून वाहत होता, ते सांगा बघू." अहो, ज्या म्हाताऱ्यांना घरात 'गप बसा, तुम्हांला काय कळतं' यापलीकडे शब्द मिळत नसे, त्यांच्या तोंडून ओढ्याचा इतिहास ऐकायला संत बसले! महिनाभरात मोरतळ्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत निराळेच पाणी दिसू लागले. काही जण तर सकाळीच धुतलेले धोतर नेसून तयार राहू लागले.

असेच एके दिवशी महाराज त्रिंबक इंगवल्याच्या दारात उभे राहिले.

हा त्रिंबक म्हणजे गावातली बडी असामी. पैशाने नव्हे, शब्दाने. त्याने आयुष्यात कधी खोटे बोललेले कुणी ऐकले नव्हते. बांधाचे भांडण असो की सोयरिकीचे, त्रिंबकने एकदा सांगितले की दोन्ही बाजू मुकाट घरी जात. खरे बोलणे हा मोठाच गुण, त्यात शंका नाही. पण गुणाचाही ताठा चढतो माणसाला! आपण खरे बोलतो एवढ्यावर न थांबता, आपण बोलतो तेच तेवढे खरे, असे त्रिंबकला वाटू लागले होते.

त्याच्या घरात तिघेच होते. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी गेली ती पावसात पलीकडेच अडकली होती. घरी तो, त्याची म्हातारी आई ठकूआई आणि धाकट्या भावाची विधवा गोजरा. भाऊ तरणाताठा गेला. त्या धक्क्यानंतर ठकूआईचे मन हळूहळू मागे मागे चालू लागले. आधी कालचे विसरली, मग गेल्या वर्षीचे. नातवंडांची नावे गेली, नवरा गेल्याचे गेले, आणि शेवटी उरले ते लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले दिवस. ठकूआई आता तिथेच राहत होती.

सांज होऊ लागली की तिची चुळबूळ सुरू होई. लुगडे-चोळी गाठोड्यात बांधायची, एखादा खोबऱ्याचा तुकडा वर ठेवायचा आणि उंबऱ्यावर येऊन बसायचे. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो, तो मुऱ्हाळी. ठकूआईचा मुऱ्हाळी म्हणजे तिचा धाकटा भाऊ हैबती. ओढ्यापलीकडच्या आवळखेड्याहून तो दर वर्षी पंचमीला, ओढ्याला जरा उतार मिळाला की, तिला न्यायला यायचा. तो वारला त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली होती. पण ठकूआई रोज सांजेला विचारी, "आला का गं हैबती?"

त्रिंबक घरात असला तर तो सरळ सांगे, "आई, हैबतीमामा वारला. कधीच वारला."

आणि ठकूआई ते दर वेळी पहिल्यांदाच ऐके! तिच्या तोंडाचा रंग उडे. "कधी? मला कुणी सांगावा न्हाई धाडला?" असे म्हणून ती ऊर बडवून घेई. घटकाभराने ती बातमी विसरून जाई, पण रडे मात्र विसरत नसे. का रडतो आहोत हे न कळता म्हातारी भिंतीशी बसून रडत राही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्रिंबक निर्दय नव्हता हो. आईचे पाय तो स्वतः चेपायचा, तिच्यासाठी वेगळा मऊ भात रांधायला लावायचा. पण खोटे बोलायचे? ते त्याला जमण्यासारखे नव्हते.

गोजराची रीत निराळी होती. ती म्हणे, "वाट चिखलाची हाय, आत्याबाई. येळ लागायचाच. तवर या शेंगा सोला, आनि सांगा बघू, हैबतीमामा ल्हानपनी कसं होतं?" मग ठकूआईचे हात शेंगांवर चालू लागत आणि तोंडाने हैबतीची कहाणी. तो चिंचेवर कसा अडकला, बहिणीच्या लग्नात मांडवाच्या खांबाला मिठी मारून कसा रडला. गोजराने त्या गोष्टी शंभरदा ऐकल्या असतील. तरी मांडवाच्या खांबापाशी कथा आली की तिच्या डोळ्यांना पदर लागे. सांगता सांगता सांज उलटून जाई, ठकूआई चार घास जेवे आणि निजे.

शेजारीपाजारी हसत. "वेड्या सासूला वेडी सून मिळाली," असे म्हणत. गोजरा ते ऐके आणि शेंगांची टोपली घेऊन सासूजवळ बसे.

तर महाराज दारात उभे राहिले. ठकूआई मुठीत तांदूळ घेऊन बाहेर आली, महाराजांकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमास्नी हैबतीनं धाडलं का?"

"हैबती कोण, आई?" महाराजांनी विचारले आणि ओट्यावर बसले. झाले! चिंचेपासून मांडवापर्यंत सगळी कथा त्यांनी मन लावून ऐकली. चार माणसे जमली. तेवढ्यात त्रिंबक शेतावरून आला, डोक्यावरचे इरले काढून त्याने महाराजांना नमस्कार केला आणि ते बोलणे ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"महाराज, आपण साधुपुरुष. आपण तरी या खोट्यात सामील होऊ नका," तो म्हणाला. "हा मामा वारलेला आहे. मी आईला रोज खरं सांगतो, आणि ही गोजरा तिला रोज फसवते. म्हणे, वाट चिखलाची आहे! विचारा तिला, मेलेला माणूस कुठल्या वाटेनं येतो ते!"

जमलेली माणसे खो खो हसली. गोजरा दाराआड उभी होती. तिची मान खाली गेली.

महाराज म्हणाले, "बाळ, पुढे ये. खोटं बोलतेस तू?"

गोजरा हलक्या आवाजात म्हणाली, "खरंखोटं मला कळत न्हाई, म्हाराज. त्या रडल्या की घास उतरत न्हाई त्यांच्या घशाखाली, एवढं कळतं."

महाराजांनी त्रिंबककडे पाहिले. "उद्या-परवा पंचमी येईल. गावातल्या बाया पाटावर गंधानं नाग काढतील आणि त्याला भाऊ म्हणून लाह्या वाहतील. त्यांना सांगायला जाणार आहेस का, बायांनो, हे नुसतं गंध आहे म्हणून?"

"ते व्रत आहे, महाराज. हे वेड," त्रिंबक म्हणाला.

महाराज हसले. झोळी खांद्याला लावून ते उठले आणि जाताना गोजराला एवढेच म्हणाले, "सांजेला दार उघडं ठेवत जा, बाळ."

पुढे नागचतुर्थी आली. त्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात, हे आपण जाणताच. शेजारच्या बाया उपवासाचे बोलत होत्या ते ठकूआईच्या कानांवर पडले आणि तिनेही उपवास धरला. दुसऱ्या दिवशी पंचमी. घराघरांत पुरणाची दिंडे उकडली गेली, मुली झोक्यावर चढल्या, बायांनी नागाला लाह्या वाहून उपवास सोडले. गोजराने ताट वाढून आणले. ठकूआईने ते बाजूला सारले.

"हैबती आल्याबिगर कसा सोडू?"

आवळखेड्याची रीतच तशी होती. बहीण उपवास धरते आणि भाऊ तिला न्यायला येतो तेव्हा लाह्यांचा पहिला घास आपल्या हाताने भरवून तो उपवास सोडवतो. हैबतीने मरेपर्यंत ही रीत पाळली होती. ठकूआईला कालचे जेवण आठवत नव्हते, पण ही रीत तिच्या हाडांत मुरलेली होती. आणि कठीण असे की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती पुन्हा म्हणाली, "आज भावाचा उपास हाय माजा." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. साऱ्या गावाची पंचमी मागे पडली, ठकूआईची चतुर्थी काही संपेना.

थोडे पाणी, क्वचित घोटभर दूध, एवढ्यावर म्हातारी किती तग धरणार? तिचे गाल आत गेले. उंबऱ्यापर्यंत चालत येणे थांबले, तेव्हा गोजराने तिची वाकळ दाराशी आणून टाकली, निदान वाट दिसावी म्हणून. वैद्यबुवा नाडी पाहून गेले. "औषधानं होण्यासारखं नाही. अन्न पोटात गेलं तर वाचतील," असे म्हणाले.

त्रिंबकने आईचे हात धरून सांगून पाहिले. "आई, हैबतीमामा नाही गं या जगात. कुणासाठी उपाशी राहतेस?"

ठकूआईने डोळे मोठे केले. "ग्येला? माजा हैबती ग्येला?" मग तिने तोंड फिरवले. "मग आज चूल न्हाई पेटवायची. सुतक हाय." झाले! उपवासाचे पाणीही त्या दिवशी बंद झाले.

दुपारी गोजरा त्रिंबकसमोर येऊन उभी राहिली. एरवी दिरापुढे मान वर न करणारी ती बाई, पण त्या दिवशी तिने पदर पसरला.

"भाऊजी, गावातली म्हातारी मानसं म्हनत्यात, तुमी हुबेहूब मामांवानी दिसता. तेच नाक, तीच चाल. एक डाव बाहेरनं या, 'अक्का' म्हनून हाक मारा, लाह्या भरवा. मी पाया पडते तुमच्या."

त्रिंबकचा चेहरा लाल झाला. "सोंग करू? माझ्या आईसमोर? गोजरा, या जिभेनं कधी खोटं बोललो नाही. आज आई मरायला टेकली असताना तिच्याशी खोटं बोलू?"

"मग त्या जातील, भाऊजी."

त्रिंबकला ते ऐकवले नाही. तो तसाच इरले उचलून बाहेर पडला. पाऊस झिमझिम लागला होता. तो तडक देवळाकडे गेला, कारण त्या दिवशी महाराज देवळाच्या ओट्यावर होते आणि संध्याकाळचे निरूपण ऐकायला मंडळी जमत होती. महाराज मांडीवरून पायांपर्यंत घोंगडी ओढून बसले होते. त्रिंबकने त्यांच्यापुढे डोके टेकले.

"महाराज, अंगारा द्या. आई अन्न घेत नाही."

"तिनं मागितलंय ते दे तिला."

"ते माझ्याजवळ नाही, महाराज."

महाराजांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. किती माया होती त्या नजरेत! म्हणाले, "नाही म्हणतोस? बरं. मग बस इथं."

त्रिंबक पहिल्याच रांगेत बसला. निरूपण सुरू झाले. दिवस कलला, घरांच्या कौलांतून धूर निघू लागला, तेव्हा बोलता बोलता महाराज मध्येच थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. ध्यान लागले असे समजून सारे स्तब्ध बसले. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. बराच वेळ गेला. मग महाराजांनी डोळे उघडले, दमल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाले, "पाय धुवायला पाणी आणा रे कुणीतरी."

एक जण हसून म्हणाला, "महाराज, आपण तर सकाळपासून ओट्यावरून उतरला नाहीत!"

"वाट चिखलाची होती," महाराज म्हणाले.

लोकांना वाटले, ही महाराजांची काहीतरी लहर. पण त्रिंबकच्या काळजात चर्र झाले. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. पाणी आणायला कुणी उठण्याआधीच तो उठला आणि घराकडे धावत सुटला.

वाटेत शेजारची साळूबाई भेटली. तीच, जी गोजराला सर्वांत जास्त हसायची. तिने त्रिंबकला पाहून डोळ्यांना पदर लावला. "दादा, आज पांग फेडलंसा बगा आईचं! कसं 'अक्का' म्हनून हाक मारलीसा. मी वळचनीला हुभी हुते, पानी आलं डोळ्यांतनं."

त्रिंबक तसाच पुढे धावला. तो घरात शिरला. ठकूआई वाकळीवर शांत निजली होती, तोंडावर समाधान, ओटीत लाह्या सांडलेल्या. शेजारी पेज प्यालेली वाटी. गोजराने पुढे होऊन त्याच्या पायांवर डोके ठेवले.

"भाऊजी, जीव वाचवलासा त्यांचा. उपास सुटला. मागनं पेजबी घेतली की त्यांनी, आनि आपल्या हातानं!"

"मी?" त्रिंबक म्हणाला. "गोजरा, मी देवळात होतो. सारी मंडळी साक्षीला आहेत. मी जागचा हललो नाही."

गोजरा त्याच्याकडे पाहतच राहिली. मग दोघांचीही नजर जमिनीकडे गेली. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर उंबऱ्यापासून वाकळीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. माती तांबडी होती. मोरतळ्याची सारी जमीन काळी. तांबडी माती लागते ती ओढ्यापलीकडे, आवळखेड्याच्या वाटेवर, आणि ओढा तर दुथडी भरून वाहत होता!

त्रिंबकने आपला पाय एका ठशावर ठेवला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तो ठसा तंतोतंत भरला.

मग मात्र तो घरात थांबला नाही. गोजराला हाताने खूण करून, मागोमाग आलेल्या साळूबाईला आईजवळ बसवून, तो आल्या पावली देवळाकडे निघाला. गोजरा मागून येत होती. महाराज अजून ओट्यावरच होते. तांब्याभर पाणी शेजारी ठेवलेले होते, पण पाय धुतले नव्हते. ते जणू त्रिंबकचीच वाट पाहत होते. त्रिंबकने पुढे होऊन घोंगडीचे टोक बाजूला केले. महाराजांचे पाय गुडघ्यांपर्यंत तांबड्या चिखलाने भरलेले होते!

काय सांगावे त्या क्षणाचे! जमलेल्या लोकांनी एकच जयजयकार केला. त्रिंबकने ते पाय छातीशी धरले आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"तू जायला हवं होतंस, तू गेला नाहीस," महाराज त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "म्हणून तुझं रूप तेवढं उसनं नेलं. चाललं ना?"

"महाराज, मी जन्मभर खरं बोललो. ते सारं वाया गेलं का?"

"वाया कसं जाईल? हैबती वारला, हे खरंच आहे. पण तिनं तुला विचारलं काय होतं?"

"हैबती आला का, म्हणून."

"नाही रे. तिच्या हातून एकेक गोष्ट निसटत चालली आहे. घर ओळखीचं राहिलं नाही, माणसं राहिली नाहीत. ती विचारते, माझं म्हणून कुणी मला न्यायला येणार आहे का? तिच्या त्या प्रश्नाला तू रोज 'नाही' म्हणत होतास. आणि ही बाई रोज तिच्याजवळ बसून 'आहे' म्हणत होती. आता सांग, तुमच्या घरात खोटं कोण बोलत होतं?"

त्रिंबकची मान खाली गेली. त्याने वळून, साऱ्या गावासमोर, गोजरापुढे हात जोडले. ती बिचारी संकोचून मागे सरली.

महाराजांनी मग आणखी एक विचारले. "ही तुझी भावजय माहेरी कधी गेली होती शेवटची?"

त्रिंबक आठवू लागला. त्याला आठवेना.

"जन्मभर खरं बोललास, आणि घरातलं एवढं खरं ठाऊक नाही?" महाराज हसत म्हणाले. "म्हाताऱ्याला जपणाऱ्याला कुणी जपायचं, त्रिंबक? दिवा लावला की तेलही घालावं लागतं. ओढा उतरला की तिच्या भावाला सांगावा धाड. आणि ती जाईल तेव्हा म्हातारीजवळ तू बस. गड्यामाणसाला बसवू नकोस. तू."

तांब्यातले पाणी घेऊन त्रिंबकने महाराजांचे पाय धुतले. ते तांबडे पाणी लोकांनी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले.

ठकूआई त्या दिवसापासून पुन्हा अन्न घेऊ लागली. गोजरा तिच्या हाती कधी शेंगा देई, कधी वाती वळायचा कापूस. साळूबाईही आता हसत नसे, सांजेला येऊन मांडवाच्या खांबाची कथा ऐकत बसे. सारखी सारखी ऐकून तीही ती कथा इतरांना सांगू लागली.

भाद्रपदात ओढा उतरला. त्रिंबकने सांगावा धाडला तसा गोजराचा भाऊ तिला गौरींसाठी न्यायला आला. किती वर्षांनी तिच्या दारात मुऱ्हाळी उभा होता! गोजराचा पाय निघेना. "आत्याबाई सांजेला इचारतील, भाऊजी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्रिंबकने तिचे गाठोडे स्वतः उचलून ओढ्यापर्यंत नेऊन दिले.

त्रिंबकची बायको अजून लेकीकडेच होती. त्या सांजेला घरात दोघेच होते, ठकूआई आणि त्रिंबक. म्हातारी गाठोडे घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली.

"आला का हैबती?"

त्रिंबकच्या जिभेवर जुने उत्तर आले होते. ते त्याने गिळले. आईशेजारी तो उंबऱ्यावर बसला, शेंगांची टोपली दोघांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाला, "वाट चिखलाची आहे. वेळ लागायचाच. तवर सांग बघू, मामा लहानपणी कसा होता?"

ठकूआई सांगू लागली. चिंचेचे झाड आले, मांडवाचा खांब आला. त्रिंबकने ही कथा जन्मात कधी पुरती ऐकली नव्हती. शेंगा सोलता सोलता म्हातारी थांबली, तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले, त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले.

"हैबती, आलास व्हय रं? कवाधरनं बसलायस, बोलला न्हाईस त्ये." मग इकडे तिकडे पाहून ती हळूच म्हणाली, "माज्या त्रिंबकचा राग धरू नगंस बरं का. बोलनं कडू हाय त्याचं. पन खोटं न्हाई बोलायचा. मीच शिकवलंय त्येला."

त्रिंबकने तिच्या पायांवर डोके ठेवले. गावाचे भांडण तोडणारा तो ताठ माणूस त्या दोन कृश पावलांवर कपाळ टेकून म्हणाला, "चुकलो गं, अक्का."

"ऊठ, येड्या. सनावारी रडत्यात का?" ठकूआई म्हणाली आणि तिने ओटीतला दाणा काढून आपल्या हाताने त्याच्या तोंडात घातला.

सांजवेळी ज्या ज्या उंबऱ्यावर कुणी म्हातारे माणूस वाट पाहत बसले असेल, त्या घरी ओटेमहाराजांची पावले उमटोत.